सुपरचार्जर लावलेली गाडी वरच्या आरपीएमला लीन होते: आधी पेट्रोलचा दाब तपासा, मग ट्यून

सुपरचार्जर (पट्ट्यावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंप) बसवला, पेट्रोलचा पंप मोठा घातला, इंजेक्टर बदलले, ट्यूनही (कधी किती पेट्रोल द्यायचे याची जुळवणी) करून झाले. काही दिवस गाडी मस्त पळते. मग पूर्ण थ्रॉटलला पाच हजार आरपीएमच्या पुढे वाइडबँडचा (एक्झॉस्टमधल्या सेन्सरच्या गेजचा) हवा-पेट्रोल प्रमाणाचा आकडा ११.६ वरून १२.२, १२.७ असा सरकायला लागतो, म्हणजे मिश्रण लीन होते, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. अशा वेळी बहुतेक जण लॅपटॉप जोडतात आणि ईसीयूतल्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधल्या) पेट्रोलच्या तक्त्याच्या, म्हणजे मॅपच्या, वरच्या खान्यांमध्ये पेट्रोल वाढवून मोकळे होतात. आकडा जागेवर येतो, पण दोष तसाच राहतो.

इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा हे ईसीयू ठरवतो, आणि त्या वेळेत किती पेट्रोल पडेल याचा हिशोब रेलमधला (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला) दाब ठरलेला आहे असे धरून करतो. दाबच पडत असेल तर मॅपमधली वाढ त्या दिवसाच्या टाकीची पातळी, बॅटरीचे व्होल्टेज आणि फिल्टरची अवस्था यांच्यापुरतीच बरोबर असते. परिस्थिती सुधारली की गाडी काळा धूर टाकते आणि बिघडली की पुन्हा लीन होते. बूस्टमध्ये (सुपरचार्जरचा जादा हवेचा दाब असताना) लीन होणे म्हणजे नॉकिंग (मिश्रण अवेळी आपोआप पेटणे) आणि पुढे पिस्टन फुटणे. म्हणून ट्यूनला हात सर्वांत शेवटी लावायचा.

दोष सापडेपर्यंत एक नियम पाळा. पेट्रोलवर बूस्टमध्ये लॅम्डा (प्रत्यक्ष हवा-पेट्रोल प्रमाण भागिले पूर्ण ज्वलनाचे प्रमाण) साधारण ०.७८ ते ०.८२ असावा, म्हणजे पेट्रोलच्या स्केलवर सुमारे ११.५ ते १२. बूस्ट असताना आकडा १२.५ ओलांडला की त्याच क्षणी पाय उचला. तपासणीसाठी पूर्ण थ्रॉटल द्यायचा तो डायनोवर (गाडी जागच्या जागी पळवणाऱ्या रोलरच्या यंत्रावर) किंवा बंद ट्रॅकवर, वाहत्या रस्त्यावर नाही.

लक्षणे

दोष एकच दिसला तरी तो कोणत्या वेळी येतो यावरून अर्धे निदान होते.

- आरपीएम वाढेल तसे मिश्रण हळूहळू, सरळ चढासारखे लीन होते: दाब किंवा प्रवाह कमी पडतोय.
- टाकी भरलेली असताना ठीक, पाव टाकीवर किंवा लांब वळणावर अचानक लीन: टाकीतला पिकअप (पेट्रोल ओढणारे तोंड), जाळी किंवा पेट्रोल हिंदकळणे.
- पहिला पुल (पूर्ण थ्रॉटलची एक धाव) ठीक, तिसऱ्या-चौथ्या पुलला आकडा बिघडतो, गरम इंजिन पुन्हा सुरू व्हायला वेळ घेते: पेट्रोल तापतेय किंवा पंप थकलाय.
- हेडलाइट, एसी, रेडिएटरचा पंखा चालू असताना जास्त बिघडते: पंपाला व्होल्टेज कमी मिळतेय.
- एका ठरावीक आरपीएमला गाडी एकदम धक्के मारते आणि वाइडबँडचा आकडा वर-खाली उड्या मारतो: बहुधा मिसफायर, पेट्रोलचा संबंध नसेलही.
- बूस्ट कमी होतोय आणि मिश्रण उलट रिच (पेट्रोल जास्त) होतेय: सुपरचार्जरचा पट्टा घसरतोय. ते दुखणे वेगळे, इथली तपासणी त्याला लागू नाही.
- आयडलिंगला आणि साध्या चालीतही लीन: हवेची गळती किंवा इंजेक्टरची चुकीची माहिती. थेट ट्यूनच्या भागाकडे जा.

लॉग घ्या, त्याला काही खर्च नाही

आरपीएम, मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब), लॅम्डा, इंजेक्टर पल्स (तो उघडा राहण्याचा वेळ), बॅटरी व्होल्टेज, इनटेक हवेचे तापमान, नॉक आणि पेट्रोलचा दाब एवढ्या गोष्टी एकाच लॉगमध्ये हव्यात. यातली शेवटची बहुतेक गाड्यांत नसते, आणि नेमकी तीच लागते. रेलवर ० ते १० बारचा प्रेशर सेन्सर कायमचा बसवून ईसीयूच्या रिकाम्या इनपुटला जोडा. काट्याचे गेज बोनेटखाली ठेवून काही उपयोग नाही, कारण दाब पडतो तेव्हा बोनेट बंद असते. आणि पेट्रोलने भरलेले गेज केबिनमध्ये आणायचेच नाही.

लॉग वाचताना रेलचा नुसता दाब पाहू नका. इंजेक्टरच्या तोंडाशी बूस्टचा दाब पेट्रोलला मागे ढकलत असतो, त्यामुळे खरा उपयोगी दाब म्हणजे रेलचा दाब वजा मॅनिफोल्डचा दाब. बेस प्रेशर (बूस्ट नसतानाचा पेट्रोलचा दाब) ३ बार आणि बूस्ट ०.७ बार असेल तर रेलवर ३.७ दिसायला हवा. समजा वरच्या टोकाला ३.२ दिसतोय. आकडा ३ च्या वर आहे म्हणून बरेच जण समाधान मानतात, पण फरक उरला फक्त २.५ बार. इंजेक्टरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. २.५ भागिले ३ याचे वर्गमूळ ०.९१, म्हणजे ९ टक्के पेट्रोल गेले. ११.६ ला ०.९१ ने भागा, उत्तर १२.७. वाइडबँडवरही तेच दिसत असेल तर निदान झाले. दोष पुरवठ्यात आहे, मॅपमध्ये नाही.

त्याच लॉगमधून इंजेक्टरची ड्यूटी (उपलब्ध वेळेपैकी तो किती टक्के वेळ उघडा राहतो) काढा. इंजिनाच्या दोन फेऱ्यांना लागणारा वेळ मिलिसेकंदात हवा असेल तर १,२०,००० ला आरपीएमने भागायचे. ६५०० आरपीएमला तो १८.५ मिलिसेकंद येतो. पल्स १५.७ असेल तर ड्यूटी ८५ टक्के झाली, आणि तीच सुरक्षित मर्यादा धरतात. त्याच्यावर इंजेक्टरला नीट बंद होऊन पुन्हा उघडायला वेळ उरत नाही, आणि मॅपमध्ये कितीही भर घातली तरी प्रत्यक्षात पडणारे पेट्रोल त्या प्रमाणात वाढत नाही. दाब बरोबर आहे पण ड्यूटी ९५ झाली आहे, असे दिसले तर इंजेक्टर लहान आहेत. मग पुढच्या बऱ्याच तपासण्या कराव्याच लागत नाहीत.

खरेच लीन आहे का?

वाइडबँड पेट्रोल मोजत नाही, सायलेन्सरमधला ऑक्सिजन मोजतो. एका सिलिंडरमध्ये स्पार्क विझला तर तिथली न जळलेली हवा जशीच्या तशी बाहेर येते आणि गेज म्हणते ‘लीन’. अशा वेळी पेट्रोल वाढवले तर स्पार्क आणखी विझतो, गेज आणखी लीन दाखवते, आणि माणूस आणखी पेट्रोल घालतो. बूस्ट वाढवल्यानंतरच्या तक्रारींमध्ये हा घोटाळा फार सापडतो.

ओळखायची खूण सोपी आहे. पुरवठा कमी पडत असेल तर लॅम्डाची रेघ गुळगुळीत चढते. मिसफायरची रेघ करवतीसारखी दातेरी असते. प्लग काढा, गॅप मोजा. बूस्टवर साधारण ०.६ ते ०.७ मिमी गॅप चालते, कारण दाबाखालच्या दाट हवेतून ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागते. कंपनीची मूळ १ मिमीच्या आसपासची गॅप तशीच राहिली असेल तर इथेच थांबा, गॅप कमी करा आणि पुन्हा लॉग घ्या. प्लग मूळच्यापेक्षा एक-दोन पायऱ्या थंड प्रकारचे (उष्णता लवकर बाहेर टाकणारे) असावेत.

सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट गळत असेल तरी बाहेरची हवा आत ओढली जाऊन खोटे लीन दिसते. मात्र हा परिणाम आयडलिंगला आणि कमी लोडला जास्त असतो, पूर्ण थ्रॉटलला फार कमी. म्हणजे फक्त वरच्या टोकाला लीन दिसत असेल तर एक्झॉस्टच्या गॅस्केटमागे दिवस घालवू नका. सेन्सरचे कॅलिब्रेशन मोकळ्या हवेत करता येत असेल तर एकदा करून घ्या, पाच मिनिटांचे काम आहे.

रेग्युलेटरची व्हॅक्युम नळी

रिटर्न असलेल्या (जादा पेट्रोल टाकीत परत पाठवणाऱ्या) सिस्टीममध्ये रेग्युलेटरला (पेट्रोलचा दाब ठरवणाऱ्या वाल्व्हला) मॅनिफोल्डची नळी जोडलेली असते. बूस्ट जितका वाढेल तितकाच पेट्रोलचा दाब वाढवणे हे तिचे काम. नळी सुटलेली, चिरलेली किंवा चुकीच्या जागी जोडलेली असेल तर दाब ३ बारवरच अडकतो आणि बूस्ट येताच उपयोगी दाब घटतो.

चुकीची जागा हा रूट्स आणि ट्विन-स्क्रू या प्रकारच्या सुपरचार्जरचा खास दोष. तिथे थ्रॉटल सुपरचार्जरच्या आधी असतो. थ्रॉटल आणि सुपरचार्जर यांच्या मधल्या भागातून नळी घेतली तर आयडलिंगला व्हॅक्युम अगदी बरोबर दिसतो, सगळे जुळल्यासारखे वाटते. पण तिथे बूस्ट कधीच येत नाही. पूर्ण थ्रॉटलला तिथला दाब फार तर बाहेरच्या हवेइतका. नळी सुपरचार्जरच्या खालच्या बाजूच्या, म्हणजे वाल्व्हजवळच्या मॅनिफोल्डमधूनच हवी. सेंट्रिफ्यूगल प्रकारच्या सुपरचार्जरमध्ये थ्रॉटलनंतरची कोणतीही जागा चालते. बूस्ट गेज, बायपास वाल्व्ह आणि रेग्युलेटर एकाच नळीच्या फाट्यांवर लटकवू नका. रेग्युलेटरला स्वतंत्र, आखूड, जाड भिंतीची नळी द्या आणि दोन्ही टोकांना क्लिप लावा.

तपासणी अशी: इंजिन आयडलिंगला, रेलचा दाब बघा. नळी काढून तिचे तोंड बंद करा. दाब साधारण अर्धा बार वर जायला हवा, कारण आयडलिंगला मॅनिफोल्डमध्ये तेवढा व्हॅक्युम असतो. मग रेग्युलेटरच्या निपलला हातपंपाने ०.७ बार हवा द्या. पेट्रोलचा दाब बरोबर ०.७ ने वाढला पाहिजे. वाढला नाही किंवा हवा टिकली नाही तर डायफ्रॅम फाटलाय. काढलेल्या नळीत पेट्रोलचा ओलावा दिसला तर गाडी चालवणे लगेच थांबवा. ते पेट्रोल थेट मॅनिफोल्डमध्ये ओढले जाते.

एक उलटी भानगडही होते. मोठा पंप आणि जुनी बारीक रिटर्न लाइन असेल तर परतीचे पेट्रोल मावत नाही आणि आयडलिंगलाच दाब ठरल्यापेक्षा वर राहतो. स्क्रू पूर्ण सैल करूनही दाब खाली येत नाही, ही तिची खूण. कोणी तेव्हाच्या चढ्या दाबावर ट्यून केले असेल, तर वरच्या आरपीएमला इंजिन जास्त पेट्रोल ओढू लागले की रिटर्नमधली गर्दी ओसरते, दाब खऱ्या जागी येतो आणि मिश्रण लीन दिसते. इलाज मोठी रिटर्न लाइन. रेग्युलेटर बदलून यात काही फरक पडत नाही.

फिल्टर आणि जाळी

स्वस्त भाग आहे, त्यामुळे तपासत बसण्यापेक्षा बदललेलाच बरा. जुना पंप जो गाळ हलवत नव्हता तो नवा मोठा पंप ओढून आणतो, म्हणून पंप बदलल्यावर काही आठवड्यांतच फिल्टर चोंदतो. जुना फिल्टर काढल्यावर आत येणाऱ्या बाजूचे पेट्रोल पांढऱ्या कापडावर ओता. तांबूस पूड म्हणजे टाकीला गंज. काळे रबरी कण म्हणजे कुठलीतरी होस आतून सुटतेय, आणि ती शोधल्याशिवाय नवा फिल्टर घालण्यात अर्थ नाही.

पंपाच्या आधी साधारण १०० मायक्रॉनची जाळी आणि पंपानंतर १० मायक्रॉनचा फिल्टर, हा क्रम उलटा होऊ देऊ नका. पंपाला ओढणे जमत नाही, ढकलणे जमते. आधी बारीक फिल्टर लावला की ओढण्याच्या बाजूला पेट्रोलची वाफ होते, पंप किंचाळायला लागतो आणि लवकर मरतो. बाणाची दिशाही बघा. जास्त इथेनॉलचे इंधन वापरत असाल तर कागदी एलिमेंट नको.

पंपाला मिळणारे व्होल्टेज

हा भाग सगळ्यात जास्त वेळा दोषी निघतो आणि सगळ्यात कमी वेळा तपासला जातो. पंपाच्या खोक्यावरचा लिटरचा आकडा साधारणपणे १३.५ व्होल्टचा असतो. मूळ वायरिंग लहान पंपासाठी काढलेले, पाच-सात अँपिअरचे. मोठा पंप १२ ते १८ अँपिअर मागतो, आणि बूस्टमध्ये दाब वाढला की आणखी मागतो. म्हणजे वायरिंगवर सर्वांत जास्त भार नेमका तेव्हा पडतो, जेव्हा इंजिनाला सर्वांत जास्त पेट्रोल हवे असते. पंपापाशी व्होल्टेज दीड-दोन व्होल्टने पडले तर प्रवाह सहज १०-१५ टक्के कमी होतो, आणि दाब जास्त असेल तर त्याहूनही अधिक.

इग्निशन चालू करून मल्टिमीटर टेकवला आणि १२ व्होल्ट दिसले, याला तपासणी म्हणत नाहीत. मोजायचे ते पंप चालू असताना, त्याच्या कनेक्टरपाशी, कनेक्टर जोडलेला ठेवून मागून पिन घालून. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरे पंपाच्या प्लसला लावा. दिसणारा आकडा म्हणजे वाटेत हरवलेले व्होल्टेज. मग तसेच बॅटरीच्या मायनसपासून पंपाच्या मायनसपर्यंत. प्लसच्या बाजूला ०.३ आणि अर्थच्या बाजूला ०.२ पर्यंत चालेल. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर नवी लाइन ओढायची.

नवी लाइन अशी: बॅटरीपासून ४ चौरस मिमीची तांब्याची वायर, बॅटरीपासून एका वितीच्या आत फ्यूज, पंपाजवळ ३० किंवा ४० अँपिअरचा रिले, आणि रिलेला इशारा द्यायला पंपाची मूळ वायर. इशारा मूळ वायरवरूनच घ्या. अपघातात किंवा इंजिन बंद पडल्यावर ईसीयू पंप बंद करतो, ती सोय टिकली पाहिजे. थेट इग्निशनवरून रिले चालवणारे वायरिंग दिसले तर ते आधी बदला. अर्थ बॉडीच्या रंग खरवडलेल्या पत्र्यावर, तेवढ्याच जाडीच्या वायरने. पंपाचा वेग मूळ मॉड्यूल पल्सने नियंत्रित करत असेल तर त्या वायरवर साधा रिले चालत नाही. तो थडथडतो आणि जळतो. तिथे मोठ्या पंपाला झेपणारे मॉड्यूलच हवे.

टाकीच्या झाकणातून आत जाणाऱ्या कनेक्टरकडे नीट बघा. वायर जाड केली तरी करंट शेवटी त्या दोन बारीक पिनांतूनच जातो. प्लॅस्टिक पिवळे पडलेले, किंचित वितळलेले किंवा पिन काळी झालेली दिसली तर व्होल्टेज तिथेच जातेय. जास्त अँपिअरचे बल्कहेड कनेक्टर वेगळे मिळतात.

लॉगमधले बॅटरी व्होल्टेजही पाहून घ्या. बऱ्याच गाड्यांत सुपरचार्जर आणि अल्टरनेटर एकाच पट्ट्यावर असतात. पट्टा सैल असेल तर वरच्या आरपीएमला अल्टरनेटरही घसरतो. १४ चे व्होल्टेज १२.८ होते आणि दोष पंपाच्या माथी मारला जातो.

प्रवाह मोजणे

इथून पुढे उघड्या पेट्रोलशी गाठ आहे. जागा मोकळी आणि हवेशीर, इंजिन थंड, शेजारी ड्राय पावडरचा अग्निशामक, सोबत दुसरा माणूस. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. मग बॅटरीचा मायनस काढून रिटर्नची होस सोडा. गळतीशिवाय जोडणी झाल्यावरच बॅटरी पुन्हा जोडायची.

रिटर्नची होस धातूच्या, अर्थ केलेल्या मापाच्या डब्यात सोडा. रेग्युलेटरला हातपंपाने तुमच्या बूस्टइतकी हवा द्या. हा टप्पा गाळला तर तुम्ही ३ बारचा प्रवाह मोजाल, आणि पंप तर ३.७ ला हार मानतोय. पंप ३० सेकंद चालवा.

किती यायला हवे? सुपरचार्जरवाल्या इंजिनासाठी दर अश्वशक्तीला तासाला ०.२७ किलो पेट्रोल धरा. सुपरचार्जर फिरवायलाच बरीच ताकद जात असल्यामुळे हा आकडा साध्या इंजिनापेक्षा मोठा. क्रँकवर ३०० अश्वशक्तीला ८१ किलो, म्हणजे सुमारे १०९ लिटर तासाला. अर्ध्या मिनिटाला ०.९ लिटर. वर २० टक्के सुटीचे धरले तर डब्यात १.१ लिटर दिसले पाहिजे. इंजिन बंद असल्याने या वेळी व्होल्टेज १२ च्या आसपास असते, त्यामुळे या परीक्षेत पास झालेला पंप गाडी चालताना नक्कीच पुरतो. जेमतेम नापास झाला तर आधी व्होल्टेजचा भाग पुन्हा तपासा, मग पंपाला दोष द्या.

त्याच हिशोबाने इंजेक्टर: १०९ लिटर चार सिलिंडरांत, प्रत्येकी मिनिटाला ४५४ सीसी. ८५ टक्के ड्यूटीने भागले की ५३४. म्हणजे ५५० सीसीचे इंजेक्टर पुरतात, ४४० चे नाही. ८५ टक्के इथेनॉलचे इंधन असेल तर पंप आणि इंजेक्टर दोन्ही ३० ते ४० टक्के मोठे धरा. नुसते १० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल भरले तरी पूर्ण ज्वलनाचे प्रमाण १४.७ वरून १४.१ वर येते, म्हणजे चार टक्के जास्त इंधन लागते. शुद्ध पेट्रोलवर काठावर केलेले ट्यून तेवढ्यानेही लीन होऊ शकते, हे लक्षात असू द्या.

रिटर्न नसलेल्या सिस्टीमला ही परीक्षा लागू होत नाही. तिथे रेग्युलेटर टाकीतच असतो आणि दाब बूस्टबरोबर वाढत नाही. ४ बारचा ठरावीक दाब आणि ०.८ बार बूस्ट असेल तर प्रवाह साडेदहा टक्क्यांनी घटणारच. हा बिघाड नाही, ट्यूनमध्ये त्याची भरपाई धरलेली असावी लागते. उलट कोणी मधेच रिटर्न लाइन टाकून सिस्टीम बदलली आणि ईसीयूला सांगितले नाही, तर भरपाई दुप्पट होऊन गाडी रिच होते.

टाकीच्या आत

वायरिंग चांगले, फिल्टर नवा, रेग्युलेटर बरोबर, तरीही प्रवाह कमी. मग दोष बहुधा टाकीत आहे. पंपापासून झाकणापर्यंतचा वीतभर होसचा तुकडा हे नेहमीचे ठिकाण. साधी फ्युएल होस आतून पेट्रोल वाहून नेण्यासाठी असते, बाहेरूनही पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी नाही. ती काही महिन्यांत फुगते, मऊ होते आणि दाब वाढला की चिरेतून पेट्रोल टाकीतच परत सोडते. बाहेर थेंब दिसत नाही, वास येत नाही, आयडलिंगला दाब ठीक असतो. आत लागते ती ‘एसएई जे३०आर१०’ असा शिक्का असलेली, बुडीत वापराची होस, आणि इंजेक्शन लाइनच्या गोल कडेच्या क्लिपा. दात असलेली वर्म-ड्राइव्ह क्लिप होस कापते.

इंजिन बंद केल्यावर दाब काही सेकंदांत शून्यावर आला तर होस, ओ-रिंग, पंपाचा चेक वाल्व्ह किंवा गळका इंजेक्टर यांपैकी काहीतरी आहे. जाळी टाकीच्या तळाला दुमडून बसलीय का, तिचे तोंड मूळ दिशेलाच आहे का, हेही बघा. पाव टाकीवर येणारा दोष इथेच मिटतो, नाहीतर सर्ज टँक (पेट्रोल कायम भरलेले ठेवणारी छोटी जादा टाकी) लावावा लागतो.

टाकी उतरवावी लागत असेल तर ते काम गॅरेजवर सोपवा. सीटखाली झाकण असलेल्या गाड्यांत ज्याला सवय आहे त्याने करायला हरकत नाही.

आता ट्यून

दाब बरोबर, ड्यूटी ८५ च्या खाली, स्पार्क ठीक, आणि तरी लीन: आता लॅपटॉप उघडा. आधी सेन्सरची मर्यादा बघा. १ बारचा मॅप सेन्सर (मॅनिफोल्ड प्रेशर मोजणारा; पेट्रोलच्या मॅपशी याचा संबंध नाही) सुमारे १०५ किलोपास्कलच्या पुढे वाचू शकत नाही. त्यापुढचा बूस्ट ईसीयूला दिसतच नाही, आणि लॉगमध्ये मॅनिफोल्डची रेघ सपाट होते. एअरफ्लो मीटरवाल्या गाडीत तीच सपाट रेघ ५ व्होल्टच्या जवळ दिसते. रेघ सपाट असेल तर टेबलात भर घालू नका, सेन्सर किंवा मीटरची नळी मोठी करा.

मग इंजेक्टरची माहिती. चूक कुठे आहे यावरून आकडा कोणता चुकलाय ते कळते. सगळीकडे सारख्याच टक्क्यांनी लीन असेल तर इंजेक्टरचा सीसी आकडा किंवा तो कोणत्या दाबावरचा हे चुकलेय. आयडलिंगला आणि हलक्या चालीत जास्त चूक, वर जवळपास बरोबर, असे असेल तर डेड टाइम (इशारा मिळाल्यापासून इंजेक्टर प्रत्यक्ष उघडेपर्यंतचा वेळ) चुकीचा आहे. लहान पल्समध्ये त्याचा वाटा मोठा असतो, लांब पल्समध्ये नगण्य. डेड टाइम व्होल्टेज आणि दाब दोन्हींबरोबर बदलतो, म्हणून बेस प्रेशर बदलला की तोही बदलायला लागतो.

हे सगळे जुळल्यावरच व्हीई टेबल (सिलिंडरमध्ये किती हवा भरते याचा तक्ता). मोजलेल्या लॅम्डाला हव्या असलेल्या लॅम्डाने भागा. ०.८६ भागिले ०.८० म्हणजे १.०७५, त्या खान्यात साडेसात टक्के वाढ. शेजारचे खानेही सलग करा, एकट्या खान्याचा खड्डा किंवा उंचवटा ठेवू नका. वाढ करताना इग्निशन टायमिंग वाढवायचे नाही. मिश्रण स्थिर झाल्यावर टायमिंग वेगळे बघायचे, नाहीतर काय बदलल्याने काय झाले ते कळणार नाही.

कुठे थांबायचे

- पूर्ण थ्रॉटलला खडखड ऐकू आली, किंवा प्लगच्या पांढऱ्या भागावर चमकणारे बारीक ठिपके दिसले. ते पिस्टनचे ॲल्युमिनियम असू शकते. गाडी चालवू नका, आधी कॉम्प्रेशन आणि लीकडाउन (सिलिंडरमधून हवा किती गळते याची) टेस्ट करून घ्या.
- इंजिन थेट इंजेक्शनचे आहे. तिथे हाय-प्रेशर बाजूला १५० ते २०० बार किंवा त्याहून जास्त दाब असतो. तो फवारा कातडीखाली घुसतो. त्या लाइनचा एकही नट घरी सैल करायचा नाही. टाकीपासून हाय-प्रेशर पंपापर्यंतची बाजूच तुम्ही तपासायची, तीही दाब उतरवून.
- पेट्रोलचा वास येतोय आणि गळती सापडत नाही. गाडी बंद, बॅटरीचा मायनस बाहेर, आणि टोइंग.
- ईसीयू लॉक आहे किंवा ट्यून दुसऱ्याने केलेले आहे. तुमचा दाबाचा लॉग त्यालाच पाठवा. दाब बरोबर असल्याचा पुरावा सोबत असेल तर ट्यूनरचे काम निम्मे होते.

दुरुस्ती झाली की एका पुलवर समाधान मानू नका. इंजिन पूर्ण तापवून, पाव टाकीवर, हेडलाइट आणि पंखा चालू ठेवून लागोपाठ तीन पुल घ्या आणि रेलचा दाब वजा मॅनिफोल्डचा दाब ही रेघ पाहा. तिन्ही वेळा ती सुरुवातीपासून रेडलाइनपर्यंत ०.१ बारच्या आत आडवी राहिली तर आधी मॅपमध्ये चुकून घातलेले जादा पेट्रोल काढून टाका आणि पुन्हा एकदा लॉग घ्या.